खापर कुणाच्या डोक्यावर

रोल्ला, शारजा
१२ एप्रिल २०२५

चि. विलासभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर बोलायची सोय राहिली नाही, आणि मला तर अक्षरांनी जन्मात कधी ओळख दाखवली नाही. म्हणून मी सांगते, सूनबाई शोभना लिहिते आणि कागदाचा फोटो काढून तुमच्या फोनवर धाडते. तुम्ही डोळ्यांनी ऐका. मी सांगेन तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असं तिला बजावलं आहे. (मी फक्त शुद्धलेखन सुधारते आहे, काका. - शोभना) आत्ता पेन मी न बोलताच चाललं होतं. काय लिहिलं ते ही सांगत नाही.

इथे येऊन पंधरवडा झाला. शैलेंद्र सकाळी दुबईतल्या देऱ्याच्या ऑफिसला जातो तो दिवे लागल्यावर परततो. त्यातला किती वेळ ऑफिसात आणि किती ट्रॅफिकमध्ये, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. नात ओवी हिच्याशी मराठीत बोलावं तर उत्तर इंग्रजीत येतं. घरात अष्टौप्रहर गार हवा. कपाटात घडी करून ठेवलेल्या गोधडीसारखं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तळमजल्यावरून पुरणाचा वास आला.

वास धरून खाली गेले तर हेमा भेटली. धुळ्याकडची पोर. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा लायसन्स काढून तिने डब्यांचं किचन टाकलं. आता घर त्या किचनवरच चालतं. इथल्या खानदेशी घरांनी आखाजीच्या सणासाठी तिच्याकडे पुरणाचे मांडे सांगून ठेवले आहेत, आणि पोरीला मांडा हातावर फिरवता येत नाही. लाटण्याने लाटते आणि त्याला मांडा म्हणते. मी अमळनेरहून मांडे भाजायचं खापर आणलंच होतं. विमानतळावरच्या माणसाने हे काय म्हणून विचारलं, तर शैलेंद्रने आईचा तवा आहे असं सांगितलं. उपडं मडकं पाहून त्याचं समाधान झालं नसावं, पण मागे रांग मोठी होती.

तर आता सकाळी मी खाली असते. काल शैलेंद्रला हे कळलं आणि तो पांढराफटक पडला. म्हणतो, मी व्हिजिट व्हिसावर आलेली पाहुणी. पाहुण्याला कामाला लावलं तर लावणाऱ्या मालकाला एक लाख दिरहमपासून पुढे दंड, म्हणजे तेवीस लाख रुपयांच्या वर, हा हिशेबही त्याने त्याच दमात करून दाखवला. मला एक कळेना. काम करणारा सोडून काम देणाऱ्यालाच का धरतात? तुम्ही नोकरीभर शॉप इन्स्पेक्टर होतात. तुम्हाला येताना पाहून बाजारपेठेतले दुकानदार नोकरांना माळ्यावर चढवायचे. तुम्हीच सांगा.

लोभ आहे तो झाकून ठेवा, उन्हाळ्यात आटतो.

सांगणार, तुमची वहिनी


अमळनेर
१५ एप्रिल २०२५

ती. स्व. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र डोळ्यांनी ऐकलं. तुमचा आवाज कागदावरही तेवढाच मोठा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मजुराला धरलं तर तो जातो आणि त्याच जागी संध्याकाळपर्यंत दुसरा उभा राहतो. जागा तशीच असते, आणि ती मालकाची असते. म्हणून ते सरकार जागाच धरतं. मागच्या वर्षी त्यांनी व्हिसाची मुदत उलटलेल्या लोकांना आधी सवलत दिली, दंड न भरता कागद नीट करा किंवा आपापल्या गावी जा म्हणून. ती संपल्यावर तपासणी कडक झाली, असं मी पेपरात वाचलं. आमच्या वेळी खापर नोकराच्या डोक्यावर फुटायचं आणि मालक आमच्यासाठी चहा मागवायचा. तिकडे ते मालकाच्या डोक्यावर फोडायचं ठरलं आहे. आणि तुम्ही तर खापर घरून घेऊन गेलात.

चेष्टा बाजूला ठेवतो. पैसे घेतले नाहीत म्हणजे ते काम नव्हे, हे डोक्यातून काढून टाका. मी दुकानात शिरलो की निम्मी माणसं सहज आलेली असायची. अशी सहज आलेली माणसं गूळ तोलताना सापडायची. हेमाला शिकवायचं असेल तर तिला वर तुमच्या घरी बोलवा. तिच्या किचनचा उंबरा ओलांडू नका.

ओवीला आशीर्वाद. इंग्रजीत सांगितले तरी चालतील.

तुमच्या रागासकट लोभावर हक्क सांगणारा,
विलास


रोल्ला, शारजा
१८ एप्रिल २०२५

चि. विलासभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमचा सल्ला शोभनाने मला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्याने. मला पटलाही. पण शोभनाची शेगडी विजेची, सपाट काचेची. तिच्यावर खापर डुगडुगतं. म्हटलं, शेवटचं एकदा खाली जाऊन हेमाचा हात बसवून द्यावा आणि खलास. त्याच सकाळी तपासणी आली.

तपासायला आलेली बाई, नबिला तिचं नाव. काळा पायघोळ अबाया, हातात टॅबलेट, आणि हिंदी माझ्याहून चांगलं. हेमाकडे कामाला असलेल्या दोघांचे कागद तिने पाहिले, ते चोख निघाले. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझे हात कोपरापर्यंत कणकेत. तिने अगदी अदबीने विचारलं की आजी, तुम्ही इथे काम करता का.

आता जरा थांबून ऐका. आपल्याकडे शिरगणतीवाले आले, मतदारयादीवाले आले, रेशनवाले आले. प्रत्येकाने मला सोडून ओट्यावर बसलेल्या तुमच्या भावाला विचारलं की मंडळी काय करतात. आणि त्यांनी, देव त्यांना तिकडे सुखात ठेवो, दर वेळी सांगितलं की काही नाही, घरीच असते. तेव्हा माझ्या डोक्यावर कधी कडब्याची पेंढी असायची, कधी हंडा. कागदावर जायचं की काही करत नाही. एवढ्या आयुष्यात सरकारने मला स्वतःला पहिल्यांदा विचारलं, तेही परक्या सरकारने. तोंडून निघून गेलं की हो, करते, पुष्कळ करते. तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी वर हेही सांगितलं की मी नसले तर हिच्या आखाजीचे मांडे व्हायचे नाहीत.

हेमाच्या हातून पातेलं सुटलं. नबिलाने सगळं टॅबलेटवर लिहून घेतलं आणि येत्या गुरुवारी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. दंड बसला तर किचन जाईल. हेमा नुसती भांडी घासत राहिली, आधीच घासलेली.

आता घरात माझी शाळा भरली आहे. शैलेंद्र म्हणतो, मला हिंदी कळत नाही आणि मी नुसती बसले होते असं सांग. शोभना म्हणते, हेमाची मावशी आहे म्हणून सांगा. ओवी इंग्रजीत काहीतरी म्हणाली. अर्थ विचारला तर कोणी सांगेना. शेवटी कळलं की आजी बेकायदा आहे. म्हणजे मला पुन्हा त्याच वाक्यावर अंगठा उठवायचा की ही बाई काही करत नाही. हेमासाठी मी तेही करीन. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसलेले आहात. त्या बाजूच्या माणसाला काय ऐकायचं असतं, ते कळवा.

लोभ राहू द्या, अक्कल उरली नसली तरी.

सांगणार, वहिनी

(काका, आई दोन दिवस धड जेवलेल्या नाहीत. हे त्यांना वाचून दाखवणार नाही. - शोभना)


अमळनेर
२० एप्रिल २०२५

ती. स्व. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं बोलू नका. ते पाप आहे म्हणून नव्हे, तुम्हाला ते येत नाही म्हणून. मी मॅट्रिकला नापास झालो ते तुम्ही दादांपासून लपवणार होतात, आणि दादा दारात पायताण काढायच्या आत त्यांना सांगून बसलात की विलास काही नापास झालेला नाही.

मावशी म्हणालात तर पुढचा प्रश्न येईल की भाचीच्या आजोळचं गाव कोणतं. तिथे तुम्ही अडाल, आणि आज नुसती चुकलेली हेमा उद्या खोटारडी ठरेल. चुकलेल्या मालकाला मी कधीमधी समज देऊन सोडत असे. खोटं बोलणाऱ्याला कधीच नाही.

झालं ते कबूल करा, पण अर्धवट सांगू नका. मी तीन गोष्टी विचारायचो: बोलावलं कोणी, हुकूम कोणाचा चालतो, आणि नाही आलं तर रागावतं कोण. नोकर कोण ते त्यावरून कळायचं. तिथला कायदा हे मानतो की नाही, मला ठाऊक नाही. खोटी आशा लावत नाही. मात्र तुम्ही कोणाचा हुकूम ऐकल्याचं आमच्या घराण्यात कोणाच्या स्मरणात नाही. किचनमध्ये कॅमेरा असला तर त्यातलं चित्रण हेमाने बरोबर न्यावं.

(सूनबाई, एवढं वाचू नकोस. त्यांना मऊ खिचडी दे आणि तूप कमी आहे म्हणून त्यांनी तुला बोल लावू दे. भांडायला मिळालं की त्या जेवतात.)

गुरुवारनंतर लगेच लिहा. इथे कान गेले आहेत, जीव शाबूत आहे.

तुमच्या पंखाखालचा,
विलास


रोल्ला, शारजा
१ मे २०२५

चि. विलासभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

निकाल लागूनही आखाजी होईपर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा. मधे शोभनाने मला कच्ची खिचडी घालून मारायचा प्रयत्न केला. तूप तर औषधालाही नव्हतं. ते राहू दे.

गुरुवारी गेलो. गाडीत शैलेंद्र शेवटपर्यंत पढवत होता. मी खिडकीतून बघत होते. नबिलाने विचारलं की त्या दिवशी तुम्ही काम करते म्हणालात ते खरं का. मी सांगितलं की खरं, आणि मागे घेणार नाही. पण हेमाने मला बोलावलं नाही, मीच वासावर आले. तिने मला खुर्ची दिली होती, मी बसले नाही. तिने मला आजवर एक काम सांगितलं नाही. सगळं मीच तिला सांगत होते.

मग हेमाने फोनवर कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. त्यात मी दिसते. हेमाच्या मनगटावर लाटणं मारते, तिचा कणकेचा उंडा हिसकावून घेते, पुन्हा मळायला लावते, आणि मालकीणबाई मान खाली घालून मळते. नबिला पाहत राहिली. एकदा तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं, पण मला दिसायचं ते दिसलं. तिने विचारलं की यातली मालकीण कोण. हेमाने हात वर केला तो वर्गात करावा तसा.

तरी सुटका अशी फुकट झाली नाही. नबिलाने समजावलं की कायदा लाटणं कोणाच्या हातात होतं ते पाहत नाही. व्हिजिटवर आलेलं माणूस धंद्याच्या किचनमध्ये कणीक मळतं, म्हणजे काम करतं, पगार असो नसो. तिने साहेबांना विचारून घेतलं आणि आम्हाला बाहेर बराच वेळ बसवलं. हेमाने माझा हात धरला होता. शेवटी या खेपेला लेखी समज, आणि पुन्हा सापडलो तर पुरा दंड, असं ठरलं. मी काउंटरच्या आत पाय ठेवायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. आणि बाहेर बसूनही काही सांगायचं नाही, कारण शिकवणं हेही काम.

अंगठा उठवायच्या आधी कागदावर काय लिहिलं आहे ते मी विचारलं. तिने अरबीतून हिंदी करून सांगितलं की द्वारकाबाईंनी काम केलं, आपल्या मर्जीने, काही न घेता. काम केलं, एवढं मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने वाचलं. मग उठवला.

आता काल आखाजीचं. पहाटेपासून हेमा एकटी खापरापुढे. मी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत, हात पदराखाली धरून. पहिला मांडा तिने हातावर घेतला आणि मधोमध फाटला. कणीक घट्ट होती, इथून दिसत होतं. पाण्याचा हात लाव एवढंच म्हणायचं होतं, भाऊजी, तीन शब्द. जिभेला दातांखाली धरलं. दुसराही फाटला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू मला वेळ कळते. मग तिथे बसवेना, म्हणून बाहेर फुटपाथवर येऊन काचेपाशी उभी राहिले. एवढी वर्षं कामं ओढली, पण काही न करण्यात असे कष्ट असतील याची मला कल्पना नव्हती.

तिने तिसरा उंडा मोडला, पाण्याचा हात लावला, पुन्हा तिंबला. आपलं आपण. मग हातावर फिरवत नेला तो कोपरापर्यंत उतरला, पलीकडचं दिसेल इतका झिरझिरीत, आणि खापरावर पडला तो सुरकुती न पडता. तिने वळून मला शोधलं. मी काचेच्या बाहेर तशीच, ताठ. मान हलवली नाही. मान हलवणं हेही शिकवणंच झालं असतं.

तुमचा लोभ पाण्याचा हात लावून सैल ठेवा, म्हणजे फाटायचा नाही.

सांगणार, तुमची वहिनी

(काका, हे सांगताना आई मान हलवत होत्या. - शोभना)