अण्णाचा तुरुंगखर्च : एक अभ्यास

६ जुलै १९९८, सकाळी ७
अण्णा आत जाऊन महिना झाला. सुताच्या व्यापाऱ्याने शिवी दिली, अण्णाने मागाचा धोटा फेकून मारला, त्याला टाके पडले. एवढेच. बसम्मावहिनी म्हणाल्या, "भावजी, मला असल्या दिवसांत बस सोसत न्हाय. भेटीला तुम्हीच जात जावा. आणि बाळ यायच्या आत ह्यांना घरी आणा."
आणणार. एका कैद्यावर सरकारचा खर्च किती, आणि मालक आत असल्याने कबनूरच्या आमच्या चार मागांचे मोल किती घटते, हे शेजारी शेजारी मांडले की न्यायाधीश अण्णाला तसेच सोडतील. बारावी राहिली म्हणून काय झाले? इथे शहरात, राजारामपुरीतल्या सी.ए. क्लासात मी झेरॉक्स काढतो. कंपनी व्हॅल्युएशनचा तास दाराबाहेरून दोनदा ऐकला आहे.

१४ जुलै
भेटीचा दिवस. तुरुंगाच्या फाटकापर्यंत गेलो. पहारेकरी, दिवे, पाण्याची टाकी, सगळ्याची नोंद केली. आत गेलो नाही. संशोधकाने तटस्थ राहावे.

२३ जुलै
अल्लाउद्दीनचाचा आले. आमच्या शेडला लागून त्यांचे माग. जामीन मंजूर झाला आहे. स्वतःचे घर असलेला जामीनदार तेवढा हवा, असे वकील म्हणाले होते. चाचा घरफाळ्याची पावतीच घेऊन आले. "चल की रं शिवा, आत्ताच जाऊन येऊ."
मी समजावले की जामीन हा तात्पुरता इलाज. अहवालाने केसच मिटेल. फक्त गुडविलचा आकडा राहिला आहे.
"ते काय असतंय?"
म्हटले, धंद्याचे लोकांतले नाव.
"मग हाय की ते. म्हणून तर आलोय."
साधा माणूस. पंधरा दिवसांनी या म्हटले.

१० ऑगस्ट
पंचगंगेला पाणी आले आहे. बस चालू होत्या, पण कागद भिजले असते. भेट पुढे ढकलली.
वहिनींचा निरोप, मागांना गंज चढतोय. घसारा वाढवावा लागेल. अहवाल पुन्हा पहिल्यापासून.

२१ ऑगस्ट
वहिनींना मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. अण्णाला सांगायचे काम माझ्याकडे. पुढच्या भेटीला सांगतोच.

२ सप्टेंबर
भेट राहिली. शुद्धलेखन तपासत होतो.
कोर्टात अहवाल नेला. खिडकीतला कारकून म्हणाला, "पावणं, हे हितं चालत न्हाय. जामीनदार कुठाय?" सर्वांनाच व्यापक दृष्टी नसते.

१९ सप्टेंबर
अण्णा परवा सुटला. चाचांनी मला न विचारताच पावती कोर्टात नेऊन जामीन दिला. सकाळी गेले, दुपारी घेऊन आले म्हणे.
आज तो क्लासात आला. गालफडे बसली आहेत. मी अहवाल पुढे केला. त्याने हातात घेतला, उघडला नाही.
म्हणाला, "भेटीच्या दिवशी नावं पुकारायचे रं. मी पहाटेच दाढी करून बसायचो."
मी वहिनींची तब्येत विचारली.
"पोरगी झालीय ते चाचांनी येताना गाडीत सांगितलं," म्हणाला. अहवाल टेबलावर नीट सरळ ठेवला आणि चहा न घेता गेला.
हा खर्च मी कुठेच धरलेला नाही. कोणत्या सदरात घालावा, कळत नाही.
रविवारी कबनूरला जाणार. पोरीला बघायचे आहे. नक्की. त्याआधी प्रस्तावना तेवढी नीट करून घेतो.