सांडव्याच्या तोंडाशी बंद पडलेलं इंजिन

१० सप्टेंबर १९७८, रविवार

अजून सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज कानातून जात नाही.

ह्यांनी नागपूरच्या भंगारवाल्याकडून आपल्या मासेमारीच्या डोंग्यासाठी दोन जुनी इंजिनं पारखायला आणली. सकाळी लहान लावलं. धूर फार, पण दोरी ओढताच सुरू झालं. वाऱ्यासमोर मात्र त्याचं काही चालेना. दुपारी मोठं लावलं. त्याच्या वजनानं डोंगा मागून दबला, म्हणून ह्यांनी वल्ही काठावरच ठेवली. मग डोंगा असा पळाला की हे मोठ्यानं हसले.

आणि भर तलावात ते बंद पडलं.

"काहून बंद पडलं जी?" मी विचारलं. हे नुसती दोरी ओढत राहिले. वारा आम्हाला सांडव्याकडे ढकलत होता आणि तो आवाज वाढतच होता. शेवटी मी बसायची फळी उपटली अन् तिनंच पाणी मारत सुटले. हे हातांनी मारत होते. काठावरचं बेशरमाचं झुडूप हाती लागलं तेव्हा मला रडू फुटलं.

वाटलं, आता लहानच घेतील. तर म्हणाले, "मोठंच ठेवू. कचरा अडकला होता नुसता."

"अन् पुन्हा अडकला तर?"

"तू काहून भेते वं? तुले आता यायचंच नाही. तू वल्हवायची म्हणून मी जाळं फेकायचो. आता इंजिन आहे, मी एकटाच जाईन."

मला सुख दिल्यासारखे ते हसले. डोळे मिटले की भर तलावातला डोंगा दिसतो, आणि त्यात हे एकटे.