काल उरी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

कुर्डुवाडी, ९ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुशांत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पण तुझ्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अव्वा बरी हाय की एवढंच म्हणून ठेवून देते. म्हणून हे घरी न पाठवता तुझ्या भुसार दुकानाच्या पत्त्यावर पाठवते. वाच आणि फाडून टाक.

गेल्या आठवड्यात अव्वाला बघून आले तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. चालताना ती भिंत धरते, बोलता बोलता हरवते. ईसीजी झाला, इको झाला. छातीत दुखतं असं तुम्ही म्हणता आणि डॉक्टरांना सापडत काही नाही. मग हे दुखणं आलं कुठून? पायल घरात येऊन आठ महिने झाले. अव्वाचं दुखणंही साधारण तेवढंच जुनं आहे. मी काही म्हणत नाही, तूच जुळवून बघ.

मी पाहिलं ते सांगते. अव्वा उघड्या फरशीवर झोपते, तिची गादी घडी घालून कपाटावर. पायथ्याशी ओला पंचा. पायात चप्पल नाही. तुझी बायको तिच्या ताकात कसलीशी पांढरी पूड ढवळत होती, मला बघितल्यावर तिनं पेला डब्यामागे सरकवला. विचारलं तर म्हणाली पित्ताची पावडर. पाकीट मागितलं तर म्हणाली फेकलं. माळशिरसची मुलगी, आपली भाषा नाही, आपल्या रीती नाहीत. तुला आवडली म्हणून मी निमूट अक्षता टाकल्या. पण मला माझी आई हवी आहे रे.

पुढच्या सोमवारी मांडीतून तार घालून हृदय बघणार आहेत ना? या वेळी बाहेर गाडीपाशी उभा राहू नकोस, आत जा. माझा लोभ आहेच, पण तू डोळे उघडे ठेव.

तुझी,
महेश्वरीअक्का

सोलापूर, १२ फेब्रुवारी

महेश्वरीअक्कांना पायलचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात मी बसले होते. अक्षर ओळखीचं होतं, आत्यांच्या, म्हणजे तुमच्या अव्वांच्या, तब्येतीचं काही असेल म्हणून फोडलं. फाडून मात्र टाकलं नाही, यांना वाचायला दिलं. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच पावडरीचं नवं पाकीट सोबत पाठवते, हवं त्याला दाखवा. पेला सरकवला, कारण तुम्ही आल्यापासून माझ्या हाताकडेच बघत होता. गादी मी काढलेली नाही. मी घातली की आत्या रागावतात आणि उठून फरशीवर जातात. पंचाही त्याच भिजवून घेतात. कशाला, ते विचारलं तर उडवून लावतात. मला उलट असं वाटतं की त्या माझ्यापासून काहीतरी लपवतात आणि ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे.

दवाखान्यात आत मीच असते, कारण यांना सुई दिसली तरी घेरी येते. एरवी माझ्यासाठी आत्या मराठी बोलतात, पण दुखायला लागलं की त्यांचं बोलणंच खुंटतं. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तेव्हा जिना चढून दम लागला होता, हात छातीवर होता, आणि म्हणाल्या, काल उरी. मी डॉक्टरांना नीट सांगितलं, की काल उरात दुखलं. यांनी विचारलं की बरी हाय म्हणतात. पण अक्का, मी रोज विचारलं तरी त्यांचं तेच. काल उरी, लई उरी. दुखणं नेहमी कालचं, आजचं कधीच नाही. आजचं कुणापासून लपवतात, माझ्यापासूनच ना? तुम्ही लेक आहात, तुम्हीच विचारा.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. आधी होता का ते माहीत नाही, तरी लिहिते.

पायल

कुर्डुवाडी, १५ फेब्रुवारी

चि. सौ. पायल हिला आशीर्वाद, घेणार असशील तर.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते, बघा कशी उलट बोलते म्हणून. त्या दोन शब्दांपाशी आले आणि माझाच आवाज अव्वासारखा लागला. ते मराठी नाही गं. कन्नडमध्ये काल म्हणजे पाय आणि उरी म्हणजे आग. तिचे पाय जळतायत. त्यासाठीच ती गार फरशी, तो ओला पंचा. ती तुला रोज आजचंच सांगत होती.

गुरूला लगेच फोन केला, की आधी डॉक्टरांना पायांचं सांग, तारेचं मग बघू. तुला सांगायचं ते मात्र स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. यांची उद्या सोलापूर गाडीवर ड्यूटी आहे, तेच हे पत्र आणून देतील.

तुझं पाकीट मी खरंच औषधाच्या दुकानात नेऊन दाखवलं, हेही तुला कळायला हवं. पित्ताचीच पावडर आहे. मला लाज वाटते. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे, पण अव्वाला अंतर देऊ नकोस.

महेश्वरी

सोलापूर, ९ मार्च

महेश्वरीअक्कांना नमस्कार.

तार घालायचं तूर्त रद्द झालं. डॉक्टरांनी आत्यांच्या तळव्यांना टाचणी लावून बघितली. या वेळी हे आत होते, डोळे मिटून का होईना, आणि कन्नडमधून विचारत होते. रक्तात बी-बारा फारच कमी निघालं. त्यानंच पाय जळतात, तोल जातो, विसरायला होतं. इंजेक्शनं चालू आहेत. परवा आत्या आपणहून गादीवर झोपल्या. उजव्या पायाच्या बोटांना मात्र अजून काही कळत नाही. उशीर झाला, ते परत येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

पायाला हात लावून का दाखवलं नाही, असं मी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर शिकलेला माणूस, छाती तपासतोय म्हणजे पायाचं मूळ छातीत असंल असं वाटलं.

आता संध्याकाळी त्या मला कन्नड शिकवतात. चुकले की पोट धरून हसतात. तुमचं दुसरं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पहिलं दाखवलं नाही, ते माझ्यापाशी आहे. ऐकून त्या होगली बिडु म्हणाल्या. म्हणजे जाऊ दे, सोडून दे. मी ते घोकून घेतलं, उच्चार अगदी बरोबर येतो म्हणतात. तुम्हाला मात्र अजून म्हणवत नाही.

सुट्टीत या. ताक मी करीन. पेल्यात न डोकावता प्यालात, की म्हणेन.

लोभ जमेल तसा वाढू द्यावा.

पायल