यांच्या शास्त्रातल्या चिठ्ठ्या

३ जुलै, गुरु.
त्या सकाळीही मी यांच्या बाइंडिंगची खळच शिजवत होते. मैदा, चिमूटभर मोरचूद, गुठळी होऊ द्यायची नाही. नळाला पाणी आलेलं, यांचा डबा भरायचा होता. "मंजू, पातळ झाली गं खळ," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग अठरा दिवस इस्पितळ, आणि हे गेले. मग यांची कॉलेजच्या ग्रंथालयातली बाइंडिंगची जागा मला. चौदा महिने झाले.
आज आठवलं ते एका मुलीमुळे. शारोन, बी.एस्सी.ची. फाटकी वही घेऊन आली आणि माझ्या टेबलापाशीच बसली. "आँटी, आप येशू को जानते क्या?" म्हटलं, "नक्को बेटा, काम है." नाव मंजुळा, गळ्यात काही नाही. तिनं हिंदूच धरलं. मी दुरुस्त केलं नाही.

१० जुलै, गुरु.
पुन्हा आली. नावेतल्या वादळाची गोष्ट हातवारे करून सांगितली. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड केलं. मला पुढचं सगळं पाठ. अक्षरं शिकले तीच यांच्या शास्त्रावरून, बायबलवरून, लग्नानंतर, ओळीखाली बोट धरून. पण समोर बसून मला कुणी काही सांगतंय, हे किती दिवसांनी. घरी कोण बोलायला.
ती गेल्यावर ग्रंथपाल कुलकर्णी सर आले. "मंजुळाबाई, कॉलेजात धर्माचं काही नको, नोटीस लावलीय."
"वही शिवायला येते सर."
"एका वहीला किती टाके घालता हो?" हसले आणि गेले. चांगला माणूस आहे.

१७ जुलै, गुरु.
घोळ झाला. शारोन दोन मैत्रिणींना घेऊन आली. मला मागच्या पायरीवर बसवलं, डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. "आँटी, आप हमारी पहली हैं." रविवारी पाळकांना भेटायचं म्हणे, माझ्या बाप्तिस्म्याचं ठरवायला.
लाज वाटली. सांगून टाकलं, "माझा झालाय बेटा. जालन्याला. तीन महिन्यांची होते."
मैत्रिणी फिसकन हसल्या. ती नाही. "मग मला बोलू का दिलंत? मजाक समझे क्या?" मग विचारलं, "चर्चला का येत नाही?"
तेही सांगितलं. अठरा दिवस गुडघे टेकले होते. त्यानंतर एकदाही नाही. आमची मराठी उपासना माणसं उरली नाहीत म्हणून बंद झाली. आता इथल्या चर्चमध्ये सगळं तेलुगूत, आणि तेलुगूत मला रडूसुद्धा येत नाही.
निघून गेली. वही राहिली माझ्याकडेच.

२१ जुलै, सोम.
आता येणार नाही असं वाटलं होतं. आली. बसली नाही.
"अम्माचं ऑपरेशन आहे उद्या. पोटात गाठ आहे. आँटी, तुम्ही प्रार्थना कराल?"
"माझी कुठं चालते गं."
"वो मुझे नहीं मालूम. आप करो, बस."
अम्माचं नाव विचारलं. विजया. शिवलेली वही दिली. छातीशी धरून गेली.
आमचे हे आजारी माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून शास्त्रात ठेवायचे. पहाटे एकेक काढून वाचायचे. माणूस बरा झाला की चिठ्ठी काढून टाकायची. शेवटची चिठ्ठी माझ्या अक्षरातली, यांच्या नावाची. अजून आतच आहे. तेव्हापासून शास्त्र उघडलेलं नाही. त्याची पाठही उसवलीय. कॉलेजभरची पुस्तकं बांधली यांनी, घरातलं राहिलं.
कराल का, म्हणाली. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नाव मात्र विचारून घेतलं.

२२ जुलै, मंगळ.
सकाळी उठून खळ शिजवली. शास्त्र कपाटातून काढलं. विजयाची चिठ्ठी लिहून यांच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. यांची काढली नाही. उसवलेल्या पाठीला खळ लावली, दाबायला वर पाटा ठेवला आणि कामावर गेले.