खड्ड्याला पाणी घातले – होय

१८ जानेवारी

सड्यावरचा उभा राहिला एकदाचा! सकाळी आठला क्रेन आली, चार वाजता पहिली गाडी लावून बघितली. पेडण्यात पाच, डिचोलीत सहा – हा धरून विजेच्या गाड्यांचे अकरा चार्जर आता माझ्या गळ्यात.

सडा म्हणजे नुसता जांभा. अर्थिंगचा खड्डा खणताना ब्रेकरची दोन पाती मोडली. आमच्या चंदगडच्या मातीत तासाभरात झाला असता. कोळसा-मीठ भरलं, वर नरसाळं बसवलं.

शेजारच्या घरातली म्हातारी दिवसभर बांधावर बसून बघत होती. शेवंती नाव, सत्तरीच्या पुढची. शेवटी उठून आली. ''पुता, ह्येका खावक कितें घालतंत?'' बरोबरची पोरं हसायला लागली. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं – खायला नको आजी, पाणी पाजा. ह्या नरसाळ्यात, रोज एक कळशी. तहानेला राहिला तर चालायचा नाही!

तिने गंभीरपणे मान हलवली. मग घरातून सगळ्यांना चहा आणि गरम उंडे पाव. माणसं चांगली आहेत इथली.

२ फेब्रुवारी

डिचोली बाजारातला बंद. पेडणे बसस्टँडजवळचा बंद. तिसरा चालू, पण त्याच्यापुढे भाड्याची पेट्रोल गाडी लावून पर्यटक गायब. फोनवरच्या ॲपमध्ये तिन्ही हिरवे! हिरवा ठिपका बघून लोक येतात आणि मला शिव्या घालतात. नंबर माझाच लिहिलाय ना खांबावर.

आठवड्याची यादी भरली. चार्जिंगची गन तपासली – होय. पडदा पुसला – होय. खड्ड्याला पाणी घातले – होय. अकरा वेळा होय. पाणी घालायला मोटारसायकलवर टँकर बांधू काय? पणजी ऑफिसातला साईश माझा साहेब, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलंय, ''तें सगळें बघूं नाका, टिक मार आनी पाठय.'' सगळेच मारतात.

१३ फेब्रुवारी

सड्यावर गेलो. काम काहीच नव्हतं, चालूच होता. तिथे सुविधा भेटली – त्या शेवंतीआजीची सून. नवरा बोटीवर. हिने स्वतःच्या नावावर इलेक्ट्रिक गाडी घेतलीय. पहाटे साडेपाचला गावातल्या चार बायकांना घेऊन डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत सोडते, गोळ्या-औषधांच्या पॅकिंगला. पहिली बस येईपर्यंत त्यांची कामाची पाळी सुरू होऊन जाते. दिवसा इतर भाडी, संध्याकाळी त्यांना परत आणायचं.

घरी चार्ज करता येत नाही म्हणाली. गाडी लावली की दिवे मिणमिणतात, मग फ्यूज. ''जयरामभाऊ, ह्या मशीनाच्या भरवशार गाडी घेतलीय हां मी!''

म्हटलं, मशीनचा भरवसा मी देत नाही. ती हसली. मी गंमत केली नव्हती.

१ मार्च

महिन्याचा हिशेब आला. अकरापैकी नऊ आलटून पालटून बंद. एकात मुंग्यांनी वारूळ केलं, एकात पाल भाजली. बाकीचे उगाच. पडद्यावर 'अर्थ फॉल्ट', मी बटण दाबून परत चालू करतो, दुसऱ्या दिवशी परत तेच.

सड्यावरचा – शून्य बिघाड. एकही नाही! साईशचा फोन. ''जयराम, तूं कितें करता रे थंय?'' मी म्हटलं, करतो आपलं लक्ष देऊन. काय करतो ते मलाच ठाऊक नाही. मशीन चांगलं लागलं असेल.

१८ मार्च

पणजीला बैठक. बारा टेक्निशियन, वर एसी, मध्ये पॅटीस. सड्यावरच्याचा आलेख पडद्यावर दाखवला, सरळ रेघ. मला उभं केलं. फोंड्याच्या पोराने विचारलं, तुम्ही वेगळं काय करता? म्हटलं, नियमितपणा. टाळ्या!

साईश बाहेर येऊन म्हणाला, जूनमध्ये तुला कायम करायचं बघतो. सहा वर्षं कंत्राटावर काढलीत. घरी फोन केला. आईने दोनदा विचारलं, कायम म्हणजे कायमच ना रे?

३० मार्च

आज दिसलं. शेवंतीआजी कमरेवर कळशी घेऊन चार्जरच्या मागे जात होती. मागे दहा पावलांवर एक दगड आहे, त्याला शेंदूर, एक विझलेली विडी, सुकलेली फुलं. गावचा राखणदार, देवचार म्हणतात. त्याला पाणी घालत असणार. चालू दे. मी गाडी फिरवली आणि गेलो.

९ एप्रिल

सड्यावर नळाला दिवसाआड पाणी, तेही तासभर. टँकरपुढे ही रांग. सुविधा वैतागली होती. ''मांयक सांगून सांगून थकलें. न्हावक उदक ना घरात, आनी ही रोज कळशीभर त्या दगडार ओतता!'' आजी आतून ओरडली, ''माका सांगूं नाका गो!''

मी मध्ये पडलो नाही. सासू-सुनेत पडू नये.

१५ एप्रिल

साईशचा फोन. तपासणीला फोटो जाणार आहेत, सड्यावरच्या फोटोत मागे चिखल दिसतो. फुलंपण दिसतात. ''देवळ दिसता रे तें, चार्जर ना!'' मागच्या बाजूला जाळीचं कुंपण घाल म्हणाला. घालतो म्हटलं.

२० एप्रिल

कुंपण झालं. पॅनेल आणि खड्डा आत, फाटकाला कुलूप, चावी माझ्याकडे. दगडाकडे जाणारी पायवाट मात्र बंद झाली. गावचे दोघे-तिघे कुरकुरले, राखणदाराची वाट अडवूं नये म्हणून. म्हटलं, मागून जा की वळसा घालून. मागे नुसते सुटे दगड आहेत, पण चार पावलांचा तर वळसा.

फोटो स्वच्छ आला.

२३ एप्रिल

शेवंतीआजी पडली म्हणे काल. मागच्या दगडांवरून पाय घसरला, कळशीसकट. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला नेलीय.

वाईट वाटलं. ह्या वयात कशाला जायचं पण?

२७ एप्रिल

सड्यावरचा बंद. अर्थ फॉल्ट. बटण दाबलं, चालू झाला. मी गावाच्या खाली पोचेपर्यंत सुविधाचा फोन – परत बंद.

२९ एप्रिल

बोर्ड बदलला. गन बदलली. केबल बदलली. काही नाही. गावात एकच बोलणं – राखणदार रागावला. म्हातारीला पाडलं, आता मशीन पाडलं. मी म्हटलं, राखणदाराला चारशे पंधरा व्होल्टचं काय कळतं? कोणी हसलं नाही.

साईशने नियमाची आठवण करून दिली. सलग पंधरा दिवस बंद राहिला की मशीन सदोष धरायचं, उचलून किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे न्यायचं. म्हणजे बारा मेला. ''आमकां कितें? थंय गिराईक जास्त.''

खरंच, मला काय? एक चार्जर कमी, एक कटकट कमी.

४ मे

सुविधाने आज सोडली नाही मला. सासू घरात आडवी, आणि ही रोज अठरा किलोमीटर खाली जाऊन चार्ज करते. काल ॲपवर हिरवा बघून गेली, तर तो बंद. दुसरीकडे गेली, तिथे तीन गाड्यांची रांग. चारही बायकांची कामाची वेळ चुकली. त्यांच्यातल्या दीपाला मुकादमाने सांगितलंय, आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नको.

''मशीन उचलतले म्हणून आयकलें. खरें?''

म्हटलं, नियम आहे.

''मगे गाडी विकतां मी. तुमच्या नियमाकच म्हणतां, ये, गाडी घेवन वच!''

गाडीचं दार असं आपटलं की काच हलली. हा माझा दोष नाही, असं परत येताना तीनदा म्हटलं. हेल्मेटमध्ये आपलाच आवाज मोठा ऐकू येतो.

६ मे

आजीला घरी आणलीय म्हणून केळी घेऊन गेलो. जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, खाट. बारीक झालीय. मला बघून पहिलं काय विचारावं? – ''मशीनाक पाणी कोण घालता आतां?''

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत आहे. म्हटलं, दगडाला म्हणता काय आजी? घालतील गाववाले.

''दगडाक कशाक? तो शिमग्याक नारळ घेता, तेका पुरे. मशीनाक! रोज एक कळशी. तूच सांगितलंस मरे, पुता. तहानेलो रवलो तर चालूचो ना म्हणून.''

मी? छे, मी नाही, दुसरा कोणी असेल, म्हटलं.

''तूच. तांबडी टोपी होती तुजी.'' मग आवाज बारीक करून, ''कुंपण घातलंत तेन्ना मागल्यान हात घालून ओतूंक गेलंय. पाय गेलो. ते दिसाची कळशी रवली रे.''

सुविधा दारात उभी होती. तिला पण आजच कळलं. सासूकडे बघितलं तिने, मग माझ्याकडे. चहा ठेवला पुढे, तो मी पिऊन आलो. कसा प्यालो कोण जाणे.

७ मे

सकाळी सातला सड्यावर. डिकीतला अर्थ टेस्टर काढला, जानेवारीपासून सेल मेलेले, ते आधी घातले. खड्ड्याचा रोध मोजला – एक्केचाळीस ओहम. दोनच्या आसपास हवा. नरसाळ्यात दोन बाल्दी पाणी ओतलं. जमीन गटागटा प्याली. अर्ध्या तासाने नऊ. संध्याकाळी तीन.

चालू झाला! सुविधाने गाडी लावली, आकडे चढायला लागले. ती गेली नाही. शंभर होईपर्यंत गाडीला टेकून उभी राहिली.

आयटीआयला पहिल्या वर्षाला शिकवतात हे. जांभा उन्हाळ्यात वाळतो, खड्ड्याला पाणी घालावं, नाहीतर अर्थ फॉल्ट येतो. पाटील सरांनी पट्टीने हातावर मारून शिकवलेलं. आणि मी बोर्ड बदलत बसलो!

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

८ मे

बाकीचे दहा मोजले. पेडणे बसस्टँड – अडतीस. डिचोली बाजार – मोजताच आला नाही, खड्ड्यावर कोणीतरी फरशी बसवलीय. एकात बियरची बाटली उलटी खोचलेली. दहाच्या दहा ठणठणीत कोरडे. यादीत सोळा आठवडे – होय, होय, होय.

९ मे

साईशचा फोन. बिघाडाचा अहवाल बारा तारखेच्या आत हवा, 'कारण' हा रकाना भरून; तो येईपर्यंत कागदावर मशीन बंदच. मी सगळं सांगितलं. आजी, कळशी, खड्डा.

तो म्हणाला, ''हें बरयनाका.'' हे लिहू नको, बोर्ड सदोष असं लिही. मशीन किनाऱ्यावर जाईल, तुझं काही जाणार नाही. कोरडा खड्डा लिहिलास तर मशीन राहील, पण मग तुझ्या सगळ्या याद्या उघडतील. ''तुजें कायम करपाचें पत्र सहीक गेलां, जयराम. सहीक! आनी माजेंय नांव येतलें त्यांत. मातसो विचार कर.''

विचार करतोच आहे. आईला काय सांगू?

१० मे

अहवालात अजून काही लिहिलं नाही. सड्यावर दोन बाल्दी घातल्या. कुंपणाचं कुलूप काढून टाकलं.

आजीने जनेलातून विचारलं, ''घातलंस?'' म्हटलं, घातलं. ''बरें केलंस,'' म्हणाली.

११ मे

या वहीचं पहिलं पान काढलं. माझंच अक्षर. 'काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.'

कारणाच्या रकान्यात लिहिलं – खड्डा कोरडा. बाकीचे दहाही कोरडे. माझ्या सगळ्या याद्या खोट्या. सड्यावरचं 'होय' तेवढं एकवीस एप्रिलपर्यंत खरं, पण ते माझं नाही, श्रीमती शेवंती गावस यांचं. त्या माझ्या कुंपणामुळे पडल्या.

खाली सही केली. पाठवलं.