रिंगणाच्या पायऱ्यांवर

२९ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रियर! जर्मनीत चक्क रोमन रिंगण. आता आत नुसतं गवत. खाली ओलसर तळघर, लढणारे तिथे वाट बघत थांबायचे. आणि वर हजारो माणसं! अंगावर काटाच आला. कपिलने वाचून दाखवलं — रथांच्या शर्यतींत हिरवे, निळे असे रंगांचे संघ, सारथी संघ बदलायचे, रंगापायी लोक एकमेकांची डोकी फोडायचे. ओजस ओरडला, "गेनाऊ! एनएफएलच!" अगदी बरोबर म्हणे, त्याच्या त्या अमेरिकन फुटबॉल लीगसारखंच.

३० ऑक्टोबर

ओजसला अमेरिकेतल्या एका शाळेचं बोलावणं आलंय — वर्षभर त्यांच्या फुटबॉल संघात. हातात चेंडू घेऊन एकमेकांवर आदळायचा तो त्यांचा फुटबॉल! सतरा वर्षांचा आहे, आई-बाप दोघांच्या सह्या हव्यात. कपिलने केली. मी नाही.

झिंडेलफिंगेनच्या कार कारखान्यात माझं कामच चाचणीसाठी गाड्या भिंतीवर आदळायचं. डोकं कुठे आपटलं ते नंतर दिसावं म्हणून गाडीत बसवलेल्या डमी पुतळ्यांच्या तोंडाला मी स्वतः रंग फासते. मला कोणी हेल्मेटचं कौतुक सांगू नये!

१० नोव्हेंबर, रविवार

म्युनिकला खरी एनएफएलची मॅच पाहिली. तिघंही गेलो होतो. काय सांगू! सत्तर हजार माणसं एका सुरात गातात तेव्हा पायाखालचं काँक्रीट थरथरतं. आणि ते खेळाडू — एवढा मोठा देह, आणि एवढा चपळ? मी तोंड उघडं टाकून बघत बसले. ट्रियरच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या बायका वेड्या नव्हत्या, एवढं कळलं.

११ नोव्हेंबर

जेवताना पुन्हा तोच विषय. मी म्हटलं, ग्लॅडिएटरांनाही उत्तम वैद्य असायचे, भरपूर खाणं असायचं, म्हणून काय झालं? कपिल म्हणाला, "अगं, ते गुलाम होते. हे आपल्या मर्जीने खेळतात." ओजस ताटातून मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाला, तेव्हाही काही जण आपल्या मर्जीनेच उतरायचे.

हा कधी वाचतो हे सगळं?

१५ नोव्हेंबर

सही नाही केली. ओजसचा अबोला.

११ मे, रविवार

ओजसच्या क्लबची मॅच. अबोला केव्हाच संपलाय, सही मात्र तशीच राहिलीय. उन्हाने डोळे दिपू नयेत म्हणून खेळाडू डोळ्यांखाली काळे पट्टे ओढतात, सकाळी त्याचे मीच ओढले. सवयीचा हात!

समोरच्या संघातला एक मुलगा चेंडू घेऊन सुसाट सुटला. ओजसने त्याला असा आडवा केला की मी ताडकन उभी राहून टाळ्याच वाजवायला लागले — "शाब्बास!" माझं पोर, आणि एवढी ताकद! ऊर भरून आला.

तो मुलगा उठेना. मैदानावर सगळी पोरं एक गुडघा टेकून बसली, त्यांची रीतच आहे तशी. ओजस त्याच्या सगळ्यात जवळ, हेल्मेट काढून. मुलगा हलला, बसला, मग दोघांच्या खांद्यावर हात टाकून चालत गेला. सुटले बाई!

पण ओजसचा तो गंभीर चेहरा! एवढा मोठा कधी झाला? आता नाही अडवणार.

१२ मे

सही केली. ओजसने कागद घेतला. घरात तो नेहमी जर्मनमध्येच उत्तर देतो. आज शब्द शोधत मराठीत बोलला —

"आई, थँक्यू. पण तू मॅच बघायला येऊ नको. तो पडला होता. उठत नव्हता. आणि तू टाळ्या वाजवत होतीस."