त्रेसष्ट वेळा कित्ता

१२ जानेवारी

ती. मामास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून मी पत्र लिहिते तेव्हा काहीतरी भानगड असते, हे तू मी नववीत नापास झाले तेव्हापासून ओळखून आहेस. तेव्हा आडवळण घेत नाही. आपल्या बागेतली लांब रांग तोडायची आहे. चौसष्टच्या चौसष्ट झाडं. बाहेरून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून एक हिरवा भुंगा शहरात शिरलाय. त्याच्या अळ्या सालीखाली राहतात आणि झाडाचा रस वर जायची वाटच कुरतडून टाकतात. एकोणीस झाडं गेली, एकतीस झाडांना कीड लागली आहे, आणि राहिलेली इतकी थकली आहेत की ती तग धरणार नाहीत. आदेशाखाली वृक्ष अधिकारी म्हणून सही माझी आहे. तू लावलेली झाडं तुझ्या भाचीने तोडली, हे तुला वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून हा खटाटोप.

लागवडीचं जुनं रजिस्टर काढलं. तुझं अक्षर लांबूनही ओळखलं. पहिल्या ओळीत झाडाची जात 'रुंदपानी', आणि खाली त्रेसष्ट वेळा 'कित्ता'. आमच्या साहेबांनी विचारलं की हा हेडमाळी आळशी होता का. मी म्हटलं, छे, अक्षर वळणदार यावं म्हणून बिचारा कित्ता गिरवत होता. सगळे खूप हसलो.

आता खरं काम. नव्या झाडांची यादी ५ मार्चला उद्यान समितीपुढे जायची आहे. ती तू करून दे. मामीला घेऊन चार दिवस ये, माझ्याकडेच राहा.

मायेत तूट येऊ देऊ नकोस.
तुझी टिटवी


२० जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मामा लिहायचं नाव काढत नाही, म्हणून मी बसले. त्याने तुझं पत्र वाचलं, घडी घातली, आणि त्या दिवशी गॅलरीतल्या कुंड्यांना तीनदा पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी चारदा. माझी कोरफड कुजली. तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

बागेत पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणतो. सहीबद्दल तुझं अभिनंदन कळव म्हणाला, ते कुठल्या सुरात ते तुला सांगायला नको. मलाही आधी वाटलं की तुझ्यावरच रागावलाय. पण तसं नाही गं. त्याला लागलंय ते कित्त्याचं. तू गमतीने लिहिलंस, तुझा दोष नाही, पण बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलं. त्यामागे एक गोष्ट आहे. अडतीस वर्षं मी तोंड शिवून बसले, आता टाके उसवायचे तर त्याने उसवावेत. तू त्याला पुन्हा लिही. भांडून लिहिलंस तरी चालेल, या घरात शांतता झाली की मला धास्ती वाटते.

वेळेवर जेव. आठवण ठेव.
तुझी मामी


२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आज रांगेतल्या झाडांवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या. माणसं होती हाताखाली, पण डबा आणि ब्रश मीच घेतला. सहाव्या झाडाशी हात भरून आला तरी कुणाला दिला नाही.

तू रागावला असशील तर रागाव, पण सहीवर नको. रागवायला मी तुला योग्य कारण देते. दोन वर्षांपूर्वी पानगळीत बाराव्या झाडावर मी भोकं पाहिली होती. मसुरीच्या दाण्याएवढी, एका बाजूला सपाट. मी सुतारपक्ष्याचं काम म्हणून सोडून दिलं. वहीत टिपलंसुद्धा नाही. तेव्हा बोलले असते तर निम्मी रांग वाचली असती. हे कुणालाच माहीत नाही. उलट ऑफिसात सगळे म्हणतात की बाईंनी वेळीच ओळखलं. ते ऐकलं की घास घशाखाली उतरत नाही, मामा. तू मला झाड बघायला शिकवलंस आणि मी हे केलं. निदान शिव्या घालायला तरी लिही.

तुझी टिटवी


१० फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

मी रागावलेलो नाही. लाज वाटत होती, ती राग म्हणून खपवत होतो.

लागवडीच्या वेळी मोठ्या साहेबांनी मला पाच जातींची यादी दिली होती, आलटूनपालटून लावायला. रोपंही पाच जातींची आली. मला ती सरमिसळ डोळ्यांना पटेना. साहेब रजेवर गेले तशी मी चार जातींची रोपं रोपवाटिकेत परत धाडली आणि बदल्यात सगळी रुंदपानी मागवली. साहेब परत आले तेव्हा रांग अशी एका मापात उभी होती की ते यादीचं विसरूनच गेले. पुढे त्या रांगेला उद्यान समितीने ढाल दिली, तीच आमच्या कपाटावर आहे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पाच जाती असत्या तर भुंग्याला पुढचं झाड शोधत हिंडावं लागलं असतं. मी त्याला ताटाला ताट लावून वाढून ठेवलं.

आता तुझं. चुकलंच तुझं. शंका आली की बोटभर साल सोलून बघायची, हे तुला दहादा सांगितलंय. पण म्हणून जेवण टाकू नकोस. उपाशी माणसाच्या हातून आणखी चुका होतात.

यादी मला मागू नकोस. मी निवडलेलं तू तोडते आहेस, तेवढं पुरे झालं. मी येणार नाही.

तुझा मामा

ता. क. हे त्याने स्वतः लिहिलं, मी फक्त शेजारी बसले होते. कोरफड नवी आणली. – मामी


२६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नऊ दिवसांत रांग संपली. सातव्या झाडाखाली बसणारा चपला दुरुस्त करणारा आता मोठी छत्री लावून बसतो. म्हणतो, ऊन हे फुकटं गिऱ्हाईक, दिवसभर उठत नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या एका आजींनी मला चांगलं फैलावर घेतलं, मग स्वतःच्या बाटलीतलं पाणीही दिलं.

यादी मी केली. नऊ जाती, शेजारीशेजारी कुठलीच सारखी नाही. समितीने ती परत पाठवली. त्यांना जुनं वैभव हवंय, म्हणजे एकच जात, एकच उंची. पुरावा म्हणून त्यांनी तुझ्या ढालीचा दाखला दिलाय. ढाल मिळालेली रांग जशी होती, तशीच हवी म्हणतात. ५ मार्चला दुपारी तीनला शेवटची बैठक. हरले तर पुन्हा चौसष्ट एकसारखी लागतील आणि कुठलातरी भुंगा पुन्हा येईल.

मी तुला बोलवत नाही. तुझ्यापासून लपवायचं नाही, एवढंच.

तुझी टिटवी


६ मार्च

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

जो दातांच्या डॉक्टरकडे गेलाय असं समजून तू दोन तास वाट बघितलीस, तो इथे आहे आणि त्याचे दात ठणठणीत आहेत. काल बैठक सुरू झाल्यावर दार उघडून आत आला. टॉवेलात गुंडाळलेली ढाल टेबलावर ठेवली आणि म्हणाला की ही चुकून मिळाली होती, परत घ्या. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाच जातींची यादी, साहेबांची रजा, परत धाडलेली रोपं. खुर्ची पुढे केली तरी त्याने ती घेतली नाही. शेवटी म्हणाला की या मुलीचं ऐका, माझ्यासारखं करू नका.

मग अध्यक्ष त्याची समजूत घालायला लागले की झालं गेलं, नशीब आमच्या बाईंनी भुंगा वेळीच ओळखला. त्यावर मामाने मान खाली घातली. माझं गुपित त्याच्या पोटात होतं, आणि ते त्याने जन्मभर सांभाळलं असतं. मला बसवेना. उठले आणि बाराव्या झाडाची भोकं सांगून टाकली.

यादी मंजूर झाली. मला लेखी ताकीद मिळाली, ती फायलीत कायमची राहील. लागवड सोमवारपासून, मामा ती उरकल्याशिवाय हलणार नाही म्हणतो, तेव्हा त्याचे जुने बूट आणि रक्तदाबाच्या गोळ्या पाठव.

संध्याकाळी त्याने ते ताकीदपत्र मागून घेतलं. चष्मा लावला आणि निकाल बघावा तसं दोनदा वाचलं. मी विचारलं की एवढं काय शोधतोस. म्हणाला की तारीख बघतोय, मला अडतीस वर्षं लागली, तुला दोनच. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून रडला, मामी, आणि मीही रडले.

आमच्या दोघांवर तुझी माया अशीच राहू दे.
तुझी टिटवी